अंतराळवीर परत आल्यावर उभे का राहू शकत नाहीत? (बीपी, गुरुत्वाकर्षण आणि आपली रोजची उठबस)

मधुमालती

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ परत फिरत आला. १९ मार्च २०२५ ची आपली पहाट, फ्लोरिडाजवळच्या समुद्रात उतरलेली ड्रॅगन कुपी, बाजूने डॉल्फिन फिरतायत, आणि मग आतून सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना धरून बाहेर काढून स्ट्रेचरवर ठेवतात. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'बघा काय अवस्था झाली बिचारीची, आता आयुष्यभर अशीच.' आणि त्याला भराभर अंगठे. मला मनापासून वाईट वाटलं, कारण २८६ दिवस वर काढून आलेल्या बाईबद्दल आपण हे बोलतोय, आणि दुसरं म्हणजे स्ट्रेचर ही त्या कुपीतून उतरणाऱ्या सगळ्यांसाठीच ठरलेली पद्धत आहे, कोण धडधाकट कोण अशक्त हे त्यावरून ठरत नाही.

मी फिजिओ आहे, नाशिकला, सतरा वर्षं झाली. पडून राहिलेल्या माणसाला परत उभं करणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे हा विषय मला परका वाटतच नाही. ऑपरेशननंतर आठ दिवस आडवी असलेली आजी पहिल्यांदा उभी राहते तेव्हा काय होतं ते मी हजारदा पाहिलंय. आधी ती म्हणते, 'मी ठीक आहे गं.' मग दहा-पंधरा सेकंदांत ओठांचा रंग उतरतो, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब येतात, नजर माझ्यावरून सरकून भिंतीकडे जाते, आणि माझ्या मनगटावरची तिची पकड सैल पडते. पकड सैल पडली की मी तिला लगेच बसवते, बीपीचं मशीन बघायला थांबत नाही. अंतराळवीराचं परत आल्यावर जे होतं ते नेमकं हेच आहे.

आता का होतं ते. आडवे असतो तेव्हा डोकं, हृदय, पाय सगळं एका पातळीत. उभं राहिलो की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं, म्हणजे हृदयाकडे परत येणारं रक्त कमी, म्हणजे प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी, आणि मेंदू तर सगळ्यात वर बसलेला. हे सावरायला मानेत, जबड्याच्या कोपऱ्याखाली जिथे नाडी लागते तिथे, आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत दाब ओळखणारे सेन्सर आहेत. दाब पडतोय असं कळलं की ते मेंदूला कळवतात, मेंदू दोन-चार ठोक्यांच्या आत हृदयाचा वेग वाढवतो आणि पाया-पोटातल्या रक्तवाहिन्या आवळतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत किती वेळा उठलो-बसलो याचा हिशोब आपण ठेवत नाही, शरीर मात्र प्रत्येक वेळी हे सगळं करतंच.

वर गेल्यावर ओढच नाही. पायातलं जवळजवळ दोन लिटर पाणी-रक्त वरच्या अंगाला सरकतं, तोंड सुजल्यासारखं दिसतं, नाक चोंदतं, आणि पाय काडीसारखे बारीक होतात. अंतराळवीर स्वतःच त्याला पक्ष्याचे पाय म्हणतात. शरीराला ही भरती जास्तीची वाटते आणि पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, १० ते १५ टक्के कमी होतो. वरती हे बरोबरच आहे, तिथे तेवढंच पुरतं. घोटाळा होतो परतीच्या दिवशी. तेवढ्याच कमी रक्तावर परत उभं राहायचं, ते पण महिनोन्महिने न वापरलेल्या व्यवस्थेच्या भरवशावर.

एवढंच सांगायचं होतं की ही दुबळेपणाची गोष्ट नाही. कुणाला अजून माहिती असेल तर जरूर लिहा, आणि माझं कुठे चुकत असेल तर सांगा.

पाटा_वरवंटा

खूप छान लिहिलंय ताई. वाचनखूण साठवली. आजीच्या सैल पकडीचं वाचून अंगावर काटा आला, माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं.

जिज्ञासू_बंड्या

एक शंका. जास्तीचं पाणी लघवीवाटे निघून जातं असं शाळेत वाचल्याचं आठवतंय. म्हणजे वर गेल्यावर सारखं बाथरूमला जावं लागतं का? आणि मग नुसतं भरपूर पाणी प्यायलं तर प्लाझ्मा कमीच होणार नाही ना?

डॉ_खडीसाखर

बंड्या, तुझी शंका अगदी योग्य जागी आहे कारण इथे पुस्तकाचाच अंदाज चुकला होता. जमिनीवर डोकं खाली करून झोपवलेल्या माणसांना लघवी जास्त होते म्हणून वरतीही तसंच होत असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. प्रत्यक्ष मोजलं तेव्हा वर लघवी वाढलेली दिसली नाही. पहिल्या दिवसांत माणसं मळमळीमुळे पाणीच कमी पितात, आणि प्लाझ्मातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर आजूबाजूच्या पेशीजालात जातं.

त्याहून मोठा धक्का दुसराच होता. रक्त वरच्या अंगाला सरकतं म्हणजे हृदयात शिरणाऱ्या शिरेतला दाब वाढायला हवा, हो ना? १९९१ च्या जूनमध्ये कोलंबिया यानातून ड्र्यू गॅफनी नावाचे डॉक्टर अंतराळवीर गेले ते दंडाच्या शिरेतून थेट हृदयाजवळ नळी घालूनच. उड्डाणाच्या आधी घातलेली नळी, तशीच अंगात ठेवून रॉकेटमध्ये बसले. आणि वर पोचल्यावर तो दाब चढायच्या ऐवजी चक्क उतरला, तरी हृदय मात्र आधीपेक्षा जास्त भरलेलं. याचं स्पष्टीकरण असं देतात की छातीवरचं आणि फुप्फुसांचं वजनच नाहीसं होतं, छाती मोकळी होते, त्यामुळे कमी दाबातही हृदय भरतं. मला हा प्रयोग फार आवडतो. एका माणसाने स्वतःच्या काळजापाशी नळी ठेवून घेतली म्हणून सगळ्यांचा पक्का समज बदलला.

बीपीचंही तसंच. लोकांना वाटतं वर बीपी वाढत असेल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आठ अंतराळवीरांचं २४ तासांचं बीपी मोजलं, २०१५ साली छापून आलं, ते जमिनीपेक्षा साधारण १० अंकांनी कमी निघालं. रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात आणि हृदय दर मिनिटाला जास्त रक्त फेकत असतं. शरीर एका अर्थाने निवांत असतं, आणि हा निवांतपणाच परत आल्यावर अंगाशी येतो.

धावपट्टी

मी हवाई दलात मेडिकल असिस्टंट होतो, आता निवृत्त. या विषयावर बोलायला मिळालं याचा आनंद झाला.

लढाऊ विमानाच्या पायलटला हाच त्रास काही सेकंदांत होतो. जोरात वळण घेतलं की सगळं रक्त पायाकडे, आधी रंग जातात, मग कडेचं दिसेनासं होतं, मग पूर्ण काळोख. म्हणून त्यांना जी-सूट, पोटावर, मांडीवर, पोटरीवर हवेच्या पिशव्या, वळण घेतलं की त्या आपोआप फुगून पाय आवळतात. त्याच्या जोडीला मांड्या-पोट कडक करून ठरावीक पद्धतीने श्वास धरायचा. आपल्याकडे बंगळुरूला हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिनची संस्था आहे तिथे हे शिकवतात, गगनयानाच्या मंडळींचं सुद्धा तिथे काम झालंय.

रशियन लोकांचा यासाठीचा पोशाख वेगळा, त्याला केंतावर म्हणतात. त्यात हवा-बिवा काही नाही, घट्ट चड्डी आणि पोटरीला पट्टे, नाड्या ओढून आवळायचे, उतरायच्या आधी स्पेससूटच्या आत घालतात. साधी गोष्ट पण कामाची. आणि चिबिस म्हणून एक पँट असते, फुगलेल्या नळकांड्यासारखी, परतीच्या आधीच्या दिवसांत ती घालून कमरेखालची हवा ओढून घेतात म्हणजे रक्त पायाकडे खेचलं जातं आणि शरीराला उभं असल्यासारखं वाटतं. वरच्या वर उभं राहायची तालीमच ती.

बसण्याच्या पद्धतीचाही फरक पडतो. सोयुझमध्ये, म्हणजे रशियन कुपीत, पाठीवर झोपून उतरतात, भार छातीकडून पाठीकडे जातो. शटल म्हणजे नासाचं विमानासारखं यान, आता बंद झालेलं, त्यात खुर्चीत बसून उतरायचे, म्हणजे भार डोक्याकडून पायाकडे, आणि त्याच वेळी कमांडरने ते प्रचंड यान इंजिनाशिवाय धावपट्टीवर टेकवायचं, दुसरी संधी नाही. तिथे त्याला भोवळ आली तर? म्हणून नासाने हा विषय एवढा मनावर घेतला.

राकेश शर्मा १९८४ ला गेले तेव्हा आम्ही रेडिओला चिकटून होतो. जवळजवळ आठ दिवस वर होते आणि तिथे योगासनांचे प्रयोग केले होते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

कातळशिल्प

पण मी वाचलंय की जवळजवळ सगळ्यांनाच चक्कर येते आणि त्यावर उपाय नाही. मंगळावर उतरल्यावर तर धरायला कुणी नसणार. मग माणूस पाठवायचा हट्ट कशाला?

मधुमालती

कातळशिल्प, तुम्ही वाचलंय ते खोटं नाही, पण ते एका काळाचं आहे. मला सापडलं ते क्रमाने लिहिते, थोडं लांबेल.

सुरुवात १९६२-६३ पासून. मर्क्युरी या अमेरिकेच्या सुरुवातीच्या यानातून वॉली शिरा फक्त नऊ तासांसाठी गेले, तरी परतल्यावर उभं केलं तर नाडी धावायला लागली आणि पायांचा रंग काळपट निळसर. पुढच्या मेमध्ये गॉर्डन कूपर ३४ तास राहून आले आणि जहाजावर उभे राहिले तर बीपी पडलं, डोकं हलकं झालं. ३४ तास फक्त! म्हणजे हे महिन्यांनी जडणारं दुखणं नाही, एका-दीड दिवसातच शरीर वरच्या हिशोबाने वागायला लागतं.

मग जून १९७०, सोयुझ ९, निकोलायेव आणि सेवास्त्यानोव. १८ दिवस त्या चिमुकल्या यानात, व्यायामाला पुरेशी जागा नाही. उतरल्यावर त्यांना उचलून न्यावं लागलं, नीट चालायला कितीतरी दिवस गेले. तिथून रशियन लोकांनी व्यायामाचा विषय गंभीरपणे घेतला.

शटलच्या काळात नीट चाचण्या झाल्या. दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, हलायचं नाही, टेकायचं नाही. एका अभ्यासात १४ पैकी ९ जणांना ती दहा मिनिटं पुरी करता आली नाहीत, आणि ही सगळी निवडून घेतलेली ठणठणीत माणसं, दोन आठवड्यांच्या आतबाहेरच्या उड्डाणांवरून आलेली. दुसऱ्या एका अभ्यासात तेच सहा जण आधी छोट्या मोहिमेवर गेलेले आणि नंतर मीर या रशियन अंतराळ स्थानकावर महिनोन्महिने राहून आलेले. छोट्या मोहिमेनंतर सहातल्या एकालाच भोवळ आली, मोठ्या मोहिमेनंतर पाच जणांना. तुम्ही वाचलेलं बहुतेक हेच.

आणि २००६ चा तो प्रसंग, हायडमरी स्टेफनिशिन-पायपर. १२ दिवसांच्या मोहिमेत दोनदा यानाबाहेर काम करून आलेल्या, उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनला स्वागत समारंभात भाषणाला उभ्या राहिल्या आणि बोलता बोलता खाली गेल्या, सावरून परत बोलायला लागल्या आणि परत गेल्या. आजूबाजूच्या सहकाऱ्यांनी अलगद धरलं. माझं लक्ष कायम त्या धरणाऱ्या हातांकडे जातं. ते आधीच तयार होते, त्यांना माहीत होतं हे कसं होतं ते.

अनु७९

बायकांना जास्त होतं का हे? माझं स्वतःचं बीपी ९०/६० च्या आसपास असतं, सणाच्या दिवशी ओट्यापाशी तास-दोन तास उभी राहिले की डोळ्यांपुढे काजवे.

डॉ_खडीसाखर

अनुताई, हो. शटलच्या काळातल्या एका अभ्यासात पाचच्या पाच महिलांना उभं राहायच्या चाचणीत भोवळ आली आणि पुरुषांत साधारण पाचात एकाला. संख्या छोटी आहे, पण फरक एवढा की दुर्लक्ष करता येत नाही. कारणं सांगितली जातात ती अशी की सरासरीने हृदय लहान, रक्ताचं एकूण प्रमाण कमी, आणि रक्तवाहिन्या आवळण्याची ताकद कमी पडते. याचा जिद्दीशी किंवा तब्येतीशी संबंध नाही. शॅनन ल्युसिड १९९६ साली मीरवर १८८ दिवस राहून आल्या आणि शटलमधून स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडल्या. वर असताना रोजचा व्यायाम त्यांनी सोडला नव्हता.

तुमच्यासाठी एक करा, ओट्यापाशी उभ्या असाल तेव्हा एकाच जागी खिळून राहू नका. टाचा वर-खाली करा, एक पाय छोट्या पाटावर ठेवा, आलटून-पालटून. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की ते शिरांना पिळतात आणि रक्त वर जातं, शिरांत झडपा असल्यामुळे ते खाली घसरत नाही. पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे उभी असलेली पोरं कोसळतात ती नुसती उन्हाने नाही, सावधानमध्ये पोटऱ्या हलत नाहीत म्हणूनही.

जिज्ञासू_बंड्या

जिराफाला का चक्कर येत नाही मग? खरंच विचारतोय.

डॉ_खडीसाखर

छान प्रश्न. त्याचं बीपीच आपल्या दुपटीच्या आसपास असतं, आणि पायाची कातडी इतकी जाड आणि घट्ट की जन्मभराचा जी-सूटच घातलाय म्हण. अंतराळाचं शरीरशास्त्र अभ्यासणाऱ्यांनी जिराफांच्या पायातले दाब खरोखर मोजलेत.

ह्यूस्टनकर

इथेच राहतो म्हणून लिहितो. मी नासात नाही, पण शेजारीपाजारी त्या कामातली माणसं आहेत, त्यामुळे हा विषय इथे घराघरात बोलला जातो.

कातळशिल्प यांच्या 'उपाय नाही' या वाक्यावर मला हरकत आहे. २०१९ साली डॅलसच्या यूटी साउथवेस्टर्नच्या लोकांनी अभ्यास छापला, १२ अंतराळवीर, आठ पुरुष चार महिला, सगळे सहा महिन्यांच्या आसपास स्थानकावर राहिलेले. बोटाला लावायचा छोटा पट्टा, प्रत्येक ठोक्याचं बीपी मोजणारा, तो २४ तास लावून ठेवायचा, जायच्या आधी, वर असताना आणि उतरल्यावर. उतरल्यानंतरच्या २४ तासांत रोजची कामं करताना त्या बारापैकी एकालाही चक्कर आली नाही, एकही बेशुद्ध पडला नाही. मीरवाले सहापैकी पाच आणि हे बारापैकी शून्य!

फरक कशाने पडला, तर व्यायाम आणि सलाईन. वर रोज दोन तासांपर्यंत व्यायाम, ट्रेडमिलवर खांद्याला इलॅस्टिकचे पट्टे लावून स्वतःला खाली खेचून घेत पळायचं, सायकल, आणि वजनं उचलायचं मशीन. तिथे वजनाला वजन नसतं म्हणून ते मशीन निर्वाताच्या नळकांड्यांनी जोर लावतं. आणि उतरल्यावर शिरेतून सलाईन. शटलच्या काळात उतरायच्या आधी मिठाच्या गोळ्या आणि त्याबरोबर लिटरभर पाणी प्यायचे, तीच कल्पना, फक्त आता थेट शिरेतून.

कातळशिल्प

हे माहीत नव्हतं, माहितीबद्दल आभार. पण मग दहा मिनिटं खिळून उभं राहायची चाचणी आणि रोजची कामं यांची तुलना कशी करायची? चालता-फिरताना पोटऱ्या हलतात असं वरती डॉक्टरच म्हणाले. आणि मंगळावर सलाईन कोण लावणार, हा माझा प्रश्न तसाच राहतो.

मधुमालती

तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो मान्य करते. त्या बारा जणांची दहा मिनिटांची उभी चाचणी घेतली असती तर आकडा शून्यच राहिला असता असं म्हणता येणार नाही. सलाईनचा वाटा किती आणि व्यायामाचा किती हेही त्यातून वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही एकत्र होतं. पण माझ्या कामाच्या बाजूने बघा. मला पेशंटला दहा मिनिटं पुतळ्यासारखं उभं करायचं नसतं, त्याला बाथरूमपर्यंत नेऊन आणायचं असतं. त्या कसोटीला ही माणसं उतरली आणि हे मला फार मोठं वाटतं.

मंगळावर ओढ आपल्या साधारण ३८ टक्के, त्यामुळे रक्त खाली खेचलं जाणार ते कमी. ते पुरेसं आहे का हे माणूस तिथे उतरेल तेव्हाच कळेल. व्हॅलेरी पोल्याकोव, सलग ४३७ दिवस राहून १९९५ ला परतले, त्यांनी कुपीतून निघून जवळच्या खुर्चीपर्यंत स्वतः चालत जाऊन दाखवलं. ते डॉक्टर होते, आणि मंगळाएवढ्या लांबच्या प्रवासानंतर माणूस उतरून काम करू शकतो हेच त्यांना दाखवायचं होतं. मला त्यातली जिद्द फार भावते.

डॉ_खडीसाखर

थोडी भर. बराच काळ असं वाटायचं की वर राहून मज्जातंतूंचा कारभारच बिघडतो, म्हणजे दाब पडला तरी मेंदू रक्तवाहिन्या आवळायचा हुकूमच देत नाही. १९९८ ला शटलच्या न्यूरोलॅब मोहिमेत, जी मज्जासंस्थेच्या अभ्यासासाठीच होती, हे थेट तपासलं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कातडीखालून जी नस जाते तिच्यात केसासारखी बारीक सुई घालून नसेतले संदेश ऐकायचे. हे जमिनीवरसुद्धा कौशल्याचं काम आहे, त्यांनी ते कक्षेत एकमेकांवर केलं. हुकूम व्यवस्थित जात होते, उलट जोरात जात होते. म्हणजे निदान त्या मंडळींत तरी अडचण होती ती हृदयात रक्तच कमी येण्याची. दुसऱ्या काही अभ्यासांत मात्र ज्यांना भोवळ आली त्यांच्यात रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन कमी वाढलेलं दिसलं. त्यामुळे माझं मत, सगळ्यांचं कारण एकच नसतं.

आणखी एक, लाल पेशी. २०२२ मध्ये १४ अंतराळवीरांवरचा अभ्यास आला. जमिनीवर आपल्या शरीरात दर सेकंदाला २० लाख लाल पेशी मोडतात आणि तेवढ्याच बनतात, वर असताना त्या ३० लाख मोडत होत्या, सहाही महिने. प्लाझ्मा उतरल्यावर काही दिवसांत भरून येतो, लाल पेशींना मात्र महिने लागतात. म्हणून चक्कर थांबली तरी दम लवकर लागतो.

धावपट्टी

शुभांशू शुक्लांचं आठवतंय का? १५ जुलै २०२५ ला उतरले, २० दिवसांची मोहीम. नंतर त्यांनी सांगितलं होतं की फोन हातात घेतला तर जड लागला, आणि लॅपटॉप बंद करून सवयीने पलंगाच्या कडेला हवेत सोडून दिला, तो तरंगेल असं वाटून. खाली गालिचा होता म्हणून वाचला. वीस दिवसांत मेंदू जमिनीची सवय विसरतो ती अशी. बीपीची व्यवस्था हातापायांसारखी दिसत नाही, म्हणून तिचं आपल्याला कळत नाही एवढंच.

पाटा_वरवंटा

सगळं मन लावून वाचतेय. आता माझं सांगते. माझे वडील ८१ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला, अकरा दिवस एका हॉस्पिटलात होते (नाव नको), तिथे कुणी त्यांना एकदाही खाटेवरून उतरवलं नाही, आम्हाला पण कुणी सांगितलं नाही की उतरवा म्हणून, आम्हाला वाटायचं विश्रांती चांगलीच. घरी आणलं त्याच रात्री तीनच्या सुमारास लघवीला उठले आणि दारातच पडले. खुब्याचं हाड मोडलं. सगळे म्हणाले पाय घसरला. फरशी कोरडी होती, मी स्वतः हात लावून बघितली होती. आज हे वाचताना कळतंय की ते घसरले नव्हते.

आता चालतात वॉकर घेऊन, पण पहाटे उठताना अजून कधी कधी भिंत धरून थांबतात. मीठ-पाणी द्यायचं का त्यांना? बीपीची गोळी चालू आहे.

मधुमालती

वाचून खूप वाईट वाटलं गं. तुझी यात काहीही चूक नव्हती, हे आधी मनात पक्कं धर. सांगायचं काम ज्यांचं होतं त्यांनी सांगायला हवं होतं.

जे सांगतेस ते अगदी खरं आहे. अंतराळाचा अभ्यास करायला माणसांना डोकं सहा अंश खाली करून महिना-दोन महिने पलंगावर ठेवतात, जर्मनीत कोलोनला, फ्रान्समध्ये तुलूजला, जेवण-अंघोळ सगळं आडवं. त्यांचं परत उभं राहताना अंतराळवीरासारखंच होतं. आणि १९६६ ला डॅलसमध्ये पाच धट्टीकट्टी तरुण मुलं तीन आठवडे नुसती झोपवून ठेवली होती. तीस वर्षांनी तीच पाच माणसं परत तपासली तर त्या तीन आठवड्यांनी जेवढी ताकद घालवली होती तेवढी तीस वर्षांच्या वयानेही घालवली नव्हती. तुझे बाबा अकरा दिवस आडवे होते, तेही ऐंशीच्या घरात.

मीठ-पाणी मनाने अजिबात देऊ नकोस. अंतराळवीराला ते एक दिवस देतात आणि त्याचं हृदय-किडनी तपासलेली असते. ८१ वर्षांच्या, बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाला ते घातक ठरू शकतं. आधी मोजून बघ. सकाळी उठायच्या आधी पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घे, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घे, तू शेजारी, खुर्ची मागे ठेवून. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर कागदावर लिहून डॉक्टरांकडे जा, गोळीची वेळ किंवा डोस बदलायचा का ते तेच ठरवतील. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

तोवर एवढं कर. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून बसायचं, बसल्या बसल्या पंजे वीस वेळा वर-खाली, मग उभं राहायचं आणि लगेच पाऊल न टाकता दहा आकडे मोजायचे. रात्री खाटेजवळ भांडं ठेव, दारापर्यंत जायचंच नाही.

डॉ_खडीसाखर

मधुमालतींशी पूर्ण सहमत. प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना आठवणीने सांगा, त्यातल्या काही गोळ्यांनी उभं राहताना बीपी पडतं. पायाचे दाबमोजे डॉक्टरांना विचारूनच घ्या, पायाचा रक्तपुरवठा आधी बघावा लागतो.

पाटा_वरवंटा

आज सकाळी मोजलं. आडवे असताना १४६/८२. उभे राहिल्यावर एक मिनिटाने ११४/७०, तीन मिनिटांनी ११८/७२. प्रोस्टेटची गोळी पण चालू आहे, रात्री झोपताना घेतात. बाबांना मी सुनीता विल्यम्सचं सगळं सांगितलं, ते शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, 'म्हणजे मी पडलो तो वेंधळेपणाने नव्हे.' दोन वर्षं ते मनात धरून बसले होते हे मला माहीतच नव्हतं.

उद्या अकराची अपॉइंटमेंट आहे. आकड्यांचा कागद पाकिटात ठेवलाय, काय सांगतात ते इथे लिहीनच.

मधुमालती

३२ ने पडलंय, म्हणजे नक्की दाखवायलाच हवं. कागदावर बीपी मोजल्याची वेळ आणि दोन्ही गोळ्या घेण्याच्या वेळा पण लिही. आणि बाबांना माझा नमस्कार सांग.